तांबड्या ग्रहाचा कॅनॉल

“तिथल्या माणसाला तहान लागली तर तो जाईल कुठं, ते सांगा.” मास्तर असे विचारायचे आणि हातातला तांब्या माझ्यापुढे धरायचे, जणू तो तहानलेला माणूस आमच्या ओट्यावरच बसला आहे.

श्रीरामपूरच्या एका शाळेत ते भूगोल शिकवत. मी कॅनॉलच्या हपिसात ट्रेसर, म्हणजे साहेबांनी आखलेले नकाशे शाईने उतरवणारा. बेचाळीस साल होते. मास्तर कादंबरी लिहीत होते आणि ती घडत होती एका तांबड्या ग्रहावर. असा माणूस तुमच्याही आळीत असेल. सगळे त्याला हसतात, पण चहाला बोलावतात.

माझी बायको विचारायची, “भावजी, आज वर पाऊस पडला का?”

“नाही वहिनी. अजून ढगच ठरले नाहीत.”

एकदा त्यांनी त्या ग्रहाचा नकाशा आणला. नद्या गांडुळासारख्या. मी म्हणालो, “मास्तर, याला प्रमाण नाही, उत्तर दिशा नाही. ही रांगोळी झाली.”

“मग तुम्हीच काढा.”

तीन रविवार गेले. मला आकडा मनाने घालता येत नाही. म्हणून जो कॅनॉल पाठ होता त्याचीच अंतरे घातली. दरवाजे, पूल, मैल-फर्लांगांसकट. मास्तरांना हे सांगितले नाही, लाज वाटली. कादंबरीतले लोक जुलमी राजाचे पाणी तोडतात. त्या जागी मास्तरांनी तांबड्या शाईने तीन फुल्या मारल्या.

पुढे आमच्या बाजूला तारा तोडल्याच्या बातम्या येऊ लागल्या. झडत्या सुरू झाल्या. मास्तरांच्या त्या तीन फुल्या आमच्या खऱ्या कॅनॉलवरच पडत होत्या.

“मास्तर, तो कागद जाळा.”

“अहो, दुसऱ्या ग्रहावर वॉरंट कोण काढणार?” मग माझा चेहरा बघून ते म्हणाले, “बरं. शेवटचं प्रकरण लिहून होऊ द्या, जाळतो.”

शनिवारी दुपारी त्यांच्या खोलीची झडती झाली. नकाशा ओळखण्यासाठी फौजदाराने मला हपिसातून बोलावून घेतले. त्याच्या बरोबरचा जमादार कॅनॉलकाठचाच होता.

“मास्तर, ह्ये गाव कुठं हाय?”

“पृथ्वीवर नाही.”

“मंग दरवाजे आपल्या कॅनॉलच्याच मैलावर कसे वो?”

मास्तरांनी माझ्याकडे पाहिले. त्यांना तेव्हाच कळले.

फौजदाराने एका आकड्यावर बोट ठेवले. इंग्रजी सात, पोटात आडवी रेघ. मी तसाच काढत असे. “हे अक्षर तुमच्या हपिसातलं आहे का?”

माझ्या घरी चार मुली होत्या.

“अक्षर माझं आहे,” मास्तर म्हणाले. “रविवारी कॅनॉलवर फिरतो, पावलं मोजतो.”

फौजदार तरी माझ्याकडेच बघत राहिला. “हे अक्षर ओळखता का?”

“नाही,” मी म्हणालो.

त्यांना संध्याकाळच्या गाडीने नगरला नेले. माझ्याजवळून जाताना हळूच म्हणाले, “माप मात्र चोख होतं.”

ते परत आले नाहीत. कोणी म्हणे तुरुंगात आजारी पडले, कोणी म्हणे सुटून खानदेशात गेले. मी विचारायला गेलो नाही. विचारणाऱ्याचेही नाव लिहून घेत.

त्या आठवड्यात मी रद्दी कागदावर बिनरेघेचा सात गिरवला. हपिसात जुने नकाशे बाहेर निघाले की मी आधी त्यांतले रेघेचे सात शोधायचो. आता इंग्रज गेले, ते फौजदारही गेले. अजून सात लिहिला की हात रेघ मारायला पुढे सरकतो आणि तिथेच थांबतो.