रंगवलेले पत्रे

छपरांची कामं करणाऱ्या त्या माणसाला सगळे ‘फळी’ म्हणत. त्यात कौतुक कमी आणि वैताग जास्त होता. सिमेंटच्या पत्र्यांवर लाकडी फळ्या टाकल्याशिवाय तो पाऊल ठेवत नसे, आणि फळ्या वर चढवण्यातच अर्धी सकाळ जाई. हे पत्रे माणसाच्या भाराने फुटतात, हे बत्तीस वर्षं तो लोकांना समजावत आला होता. आता समजावताना आवाज आपसूक चिडका होई.

एका गोदामाचं छप्पर गळत होतं. फळी आपल्या मेहुण्याला, बायकोच्या धाकट्या भावाला, घेऊन तिथे गेला. शिडीवरून डोकं वर काढून पाहिलं, तर सगळं छप्पर एकसारखं करडं.

“मधे उजेडासाठी फायबरचे पत्रे असतील ना? दिसत नाहीत,” त्याने खाली उतरून मॅनेजरला विचारलं.

“आहेत की. ऊन फार यायचं, म्हणून रंग मारून टाकला.”

“मग गोदाम उघडा. कुठे कुठे आहेत ते आतून बघून घेतो.”

“गळतंय वरून आणि बघणार आतून? अजब आहे तुमचं. किल्ली स्टोअरवाल्याकडे आहे, तो जेवायला गेलाय. तोवर चढा.”

“उन्हाने फायबर कुजतं. ते मांजराचाही भार पेलेल याची खात्री नाही.”

मॅनेजर खांदे उडवून निघून गेला. दोन तास झाले तरी स्टोअरवाला येईना, तेव्हा फळी वैतागून त्याला शोधायला निघाला. मेहुण्याला बजावलं, “मी येईपर्यंत शिडीला हात लावू नकोस.”

मेहुणा कंटाळला होता. बोल्टांच्या रांगेवरून चाललं की खाली लोखंड असतं, काही होत नाही, असं त्याचं पक्कं मत. बोल्टांपाशीच पत्रा आधी चिरतो, हे फळीने त्याला शंभरदा सांगितलं होतं.

किल्ली घेऊन फळी परतला, तर शिडीपाशी कुणी नाही. वरून बारीक आवाज आला, “दाजी.”

एक रंगवलेला पत्रा फुटून मेहुणा काखेपर्यंत आत गेला होता. हात पत्र्यावर पसरलेले, पाय खाली गोदामात लोंबकळत. खाली पंचवीस फुटांवर फरशी.

“हलू नकोस,” फळी म्हणाला. तसंच धावत त्याच्यापाशी जावंसं वाटत होतं, पण त्याने आधी फळ्याच वर घेतल्या. एकेक सरकवत, पोटावर झोपून तो मेहुण्यापर्यंत पोचला. त्याच्या काखेखालून दोर घेतला, भोकातून दिसणाऱ्या आडव्या लोखंडाला बांधला आणि मग त्याला इंच इंच ओढून काढलं. खालून मॅनेजर म्हणत होता, “सांभाळून हं, सांभाळून.”

दोन बरगड्यांना तडा गेला आणि मांडी फाटली. एवढ्यावर निभावलं.

घरी बायको भावाच्या उशाशी बसली होती. “अहो, तुम्ही होतात ना तिथे?”

आठवडाभर भेटायला येणाऱ्यांना मेहुणा सांगत राहिला, “पत्राच खराब निघाला हो.” कुणी तरी त्याला विचारावं की तू वर गेलास कशाला, याची फळी वाट पाहत होता. कुणीच विचारलं नाही.

काम मात्र त्याने सोडलं नाही. गोदामात आतून परांची बांधली आणि छपरावर पाऊल न टाकता गळके पत्रे आणि तो फुटका पत्रा खालूनच बदलले. गाड्या आत येईनात म्हणून मॅनेजर रोज कुरकुरत होता. “वरून अर्ध्या दिवसात झालं असतं.”

“हो, तसं करायला एक जण गेलाच होता,” फळी म्हणाला.

निघण्याआधी त्याने रंगाखाली दडलेल्या अकरा पत्र्यांचा नकाशा काढला, खाली ‘इथे पाय ठेवू नये’ असं लिहिलं आणि तो शिडीजवळच्या भिंतीवर चिकटवला. दुसऱ्या दिवशी परांचीचं सामान न्यायला आला, तर नकाशावर कुणीतरी सुट्टीची नोटीस डकवलेली. फळीने ती नखाने सोलून काढली, शेजारी लावली आणि मॅनेजरला हाताला धरून तिथे आणलं.

“नकाशाखालचं मोठ्याने वाचा,” तो म्हणाला. “मी ऐकतोय.”