तीन बोटांवरची दुर्बीण

व्यंकोजी माझा पाठचा भाऊ. सख्खा, माझ्याहून सहा वर्षांनी लहान. बेंगळुरात कुणाला वाडवडिलांच्या जुन्या शिकारी रायफलीला दुर्बीण बसवायची असली की त्याचं नाव निघतं, आणि त्याचं निघालं की माझंही निघायला पाहिजे, कारण बंदुकीच्या दुकानात त्याला कामाला चिकटवला मी. मी मालोजी, सातवी नापास. गुड्स ऑटो चालवतो. हेब्बाळपासून इलेक्ट्रॉनिक सिटीपर्यंत मला पत्ता विचारावा लागेल अशी गल्ली अजून सापडायची आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे सांगणार आहे त्यात माझी काही शोभा नाही.

आमचे पूर्वज इकडं घोड्यावरनं आले, हातात तलवार घेऊन. आता घरात हत्यार म्हणजे माझा जॅक आणि व्यंकूचे स्क्रू ड्रायव्हर. पण खंडेनवमीला पूजा तशीच होते, आणि घरातली रीतही तशीच आहे: बाहेरच्या माणसासमोर धाकट्यानं थोरल्याचा शब्द खाली पाडायचा नाही. आमचे वडील वारले तरी ही रीत मी मरू दिली नाही.

व्यंकूचा डावा डोळा कामाचा नाही. उजेड-अंधार कळतो, तेवढंच. लहानपणी गोवरात गेला, असं आम्ही सगळ्यांना सांगतो. त्याची बायको शिवलीला, तिलाही तेच माहीत आहे. उजवा डोळा मात्र असा की दहा रुपयाच्या नाण्यावरचा ओरखडा पलीकडच्या टेबलावरनं सांगेल. सगळं काम त्या एका डोळ्यावर चालतं, आणि घरही.

दुर्बीण निवडायची त्याची पद्धत बघण्यासारखी. गिऱ्हाईक आलं की तो आधी दुर्बिणी काढतच नाही. विचारतो, चष्मा कुठला, कुठल्या खांद्याला लावता, किती लांबचा नेम धरणार, मान दुखते का. डोळ्याच्या डॉक्टरसारखं. मग रायफल त्यांच्या हातात देऊन गाल कुठं टेकतो ते बघतो, खडूनं खूण करतो. नंतर कपाट उघडतो.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी मी दुकानात एक पेटी पोचवायला गेलो. मालक वादिराज सर गावी गेलेले. समोर कृष्णमूर्ती म्हणून सकलेशपूरचे कॉफीमळेवाले, सत्तरीचे, पांढरे केस. टेबलावर त्यांच्या वडिलांची रायफल. अक्रोडाचा दस्ता, काळीभोर नळी, लायसन सगळं चोख. शिकार आता बंद आहे, पण त्यांचे वडील दर दसऱ्याला एक गोळी उडवायचे म्हणून हेही क्लबच्या मैदानात कागदी खुणेवर उडवतात. यंदा डोळ्यांना नळीवरची नेमाची पट्टी दिसेना, म्हणून दुर्बीण.

व्यंकूनं त्यांच्यासाठी काढली होती ती दुर्बीण बघून मला लाजच वाटली. एवढीशी, बारीक, काकडीएवढी. ती पुढं नळीवर, जुन्या पट्टीच्या जागी बसणार. त्यासाठी एक लोखंडी तुकडा त्यानं घासून बसवूनही ठेवला होता.

मी म्हटलं, "सर, एवढ्या राजेशाही रायफलीवर ही पेन्सिल? तिकडं ती मोठी बघा. चंद्रावरचे खड्डे दिसतील."

मोठी खरंच देखणी होती. पुढची काच वाटीएवढी. कृष्णमूर्ती तिच्याकडं बघून हसले. "अय्यो, ही खरी दुर्बीण."

व्यंकू हळूच म्हणाला, "अण्णा, ती लहान काडतुसाच्या रायफलीची आहे."

"मग? तुला बसवता येत नाही?"

"येते."

"सर, माझा भाऊ तोफेवर चष्मा बसवेल. परवा मैदानात पहिली गोळी तोच उडवेल, तुम्ही फक्त बघा."

हे मी उगाच नव्हतं म्हटलं. त्यांच्या धंद्यात तसंच असतं. दुर्बीण बसवणाऱ्यानं पहिल्या तीन गोळ्या स्वतः उडवायच्या, मगच बंदूक मालकाच्या हातात. व्यंकूनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि म्हणाला, "सरी." म्हणजे ठीक. मोठी दुर्बीण त्यानं उंच लोखंडी कड्यांवर चढवली, कारण खाली बसवली तर काडतूस भरायचा रायफलीचा बोल्ट उचलताना तिला लागत होता. मी चहा पिऊन छाती फुगवून निघालो.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. दुकानात झेंडूच्या माळा, टेबलावर सगळी हत्यारं मांडलेली, मधे ती रायफल. नारळ फुटला, हळदकुंकू लागलं. आता उद्या सकाळी पूजा हलेपर्यंत कुणी स्क्रू ड्रायव्हरलासुद्धा हात लावायचा नाही.

मी प्रसाद खात होतो. सहज विचारलं, "काय रे, काल तोंड का पाडलंस?"

व्यंकूनं आपली तीन बोटं आडवी करून उजव्या डोळ्यासमोर धरली. "त्या दुर्बिणीत बघायचं तर डोळा काचेपासून एवढाच लांब ठेवावा लागतो."

"मग ठेवायचा."

"अण्णा, ही रायफल लाथ मारते. गोळी सुटली की चार बोटं मागं येते."

माझ्या तोंडातला पेढा तसाच राहिला. तीन बोटं जागा आणि चार बोटं धक्का. हा हिशेब सातवी नापासालाही जमतो.

"डोकं मागं घे स्वल्प."

"घेतलं तर आत सगळं काळं दिसतं. त्यात उंच बसलीय, गालही टेकत नाही. डोकं अधांतरी." मग माझा चेहरा बघून म्हणाला, "भुवई फुटते फार तर. आमच्या धंद्यात बऱ्याच जणांना ती खूण असते."

"आणि काच फुटली तर?"

त्यानं समईची वात पुढं सरकवली.

आता गोवराचं सांगतो. गोवर नव्हता. मी बारा वर्षांचा, तो सहाचा. मैदानात विटीदांडू. मी सगळ्यांना म्हटलं, माझी विटी आज रस्त्यापलीकडं जाते बघा, आणि त्याला म्हटलं, तू समोर उभा राहून मोज. विटी पलीकडं गेली नाही. वडील मला मारून टाकतील म्हणून आईनं गोवर सांगितला, आणि मग तोच राहिला. चौतीस वर्षं झाली. व्यंकूनं एकदाही, भांडणातसुद्धा, ते काढलं नाही.

प्रसाद घेऊन मी दुकानातनं घरी आलो. गाडी काढायची नव्हती, खंडेनवमीला तिचीही पूजा. संध्याकाळपर्यंत नुसता बसून राहिलो. दहा वेळा फोन हातात घेतला. कृष्णमूर्तींना सांगायचं काय? की माझी अक्कल चुकली? लोक हसतील. वादिराज सरांना कळलं तर म्हणतील, मालोजीला दुर्बिणीतलं काय कळतं? दारात भाऊ नेहमीसारखा बूट पुसत बसला होता. मीच घालून दिलेली रीत, तो मोडणार नाही. न मोडता डोळा देईल.

शिवलीलानं आतून विचारलं, "भाऊजी, उद्या हे किती वाजेपर्यंत परत येतील? दसऱ्याचं जेवण लवकर करू म्हणते."

मी हातातला फोन उलटा ठेवला. तिला वाटलं मला ऐकू आलं नाही. तिनं पुन्हा विचारलं. मी म्हटलं, "येईल की. मी जातोय ना बरोबर."

दसऱ्याच्या सकाळी दुकानातली पूजा हलवून आम्ही क्लबच्या मैदानात गेलो. कृष्णमूर्ती आधीच आलेले, पांढरं धोतर, कपाळाला गंध, बरोबर त्यांचे चारपाच मित्र. व्यंकूनं टेबलावर रेतीच्या पिशव्या रचल्या, रायफल ठेवली, बसला. उजवा डोळा काचेकडं नेला. मी शेजारी उभा राहून बघत होतो. तीन बोटं. बरोबर तीन.

त्यानं काडतुसांच्या डबीकडं हात केला आणि मी त्या डबीवर माझा हात ठेवला.

"उचलू दे की, अण्णा."

"नाही."

कृष्णमूर्ती पुढं आले. मी कानडीतच सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "सर, ही दुर्बीण माझ्या भावानं निवडलेली नाही. मी निवडली. मला त्यातलं काही कळत नाही. ती त्याच्या डोळ्यात घुसेल, आणि त्याला तो एकच आहे. दुसरा माझ्या विटीनं गेलाय, लहानपणी. गोवरानं नाही."

कुणी हसलं नाही. कृष्णमूर्तींनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "आणि व्यंकोजीनंतर मी उडवणार होतो. मग माझाही डोळा." मग व्यंकूला विचारलं, "ती पेन्सिल आणलीय का?"

व्यंकूनं डब्याच्या पिशवीतनं जुन्या बनियनमधे गुंडाळलेली बारीक दुर्बीण काढली. मोठी उतरवून ही नळीवर घट्ट करायला त्याला अर्धा तास लागला. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीवरचं हळदकुंकू त्याच्या तळव्याला लागत होतं. मग तो बसला. गाल दस्त्यावर टेकला, आणि डोळा नि काच यांच्यामधे वीतभर जागा होती; हिच्यात लांबूनच बघायचं असतं. तरीपण पहिल्या गोळीला मी डोळे मिटले.

तीन गोळ्या झाल्या. त्यानं बोल्ट उघडा टाकला आणि माझ्याकडं वळला. भुवईला काही नव्हतं.

"अण्णा," हलक्या आवाजात म्हणाला, "शिवलीलाला गोवरच राहू दे. तिला पहिल्यापासून समजावत कोण बसणार?"

"मी बसतो," मी म्हटलं, आणि मोठी दुर्बीण पेटीत भरायला घेतली.