काकांचे रोडगे आणि माझी शिट्टी

माझ्या आईने बालवीरांचं शिबिर आणि काळं पाणी यांत कधीच फरक केला नाही.

शिबिर उन्हाळ्याच्या सुट्टीत, जळगाव जामोदच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी एका आमराईत भरलं होतं. आम्ही धाड गावचे. मी निघालो तेव्हा आईने असा हंबरडा फोडला की अर्धी आळी खांदा द्यायला गोळा झाली. (त्यातले काही जण मला चालताना पाहून नाराज होऊन परत गेले.)

मला ध्यास एकच होता. शेवटच्या दिवशी नागपूरचे साहेब तपासणीला यायचे होते, आणि ज्याची चूल सरस ठरेल त्याच्या गळ्यात ते पितळी शिट्टी घालणार होते. नियम कडक. चर स्वतः खोदायचा, दोन काड्यांत जाळ पेटवायचा, धूर दिसता कामा नये, आणि शिजलेलं माणसाला खाता आलं पाहिजे. (शेवटची अट मास्तरांनी माझी खिचडी चाखल्यावर घातली.)

त्या दिवशी पहाटेच उठून मी असा सरळ चर खोदला की त्यात आगगाडीचे रूळ टाकावेत. काटक्या रचल्या आणि नदीवर पाणी आणायला गेलो. परत येतो तर आमराईत आमची बैलगाडी सुटलेली, बैल शिबिराच्या झेंड्याला बांधलेले, आणि माझ्या चरात नानाकाका गोवऱ्या रचून राहिलेले!

"काका, हे काय करून राह्यले?"

"रोडगे. अन् आधी पाया पड बे."

"पण तुम्ही इथं कसे?"

"सहज. इकडूनच जाऊन राह्यलो होतो."

धाडहून जळगावला कोणी सहज जात नाही. मध्ये अख्खा जिल्हा आहे.

खरं काय ते गाडीशेजारी रोडग्यांसाठी कणकेचे गोळे वळत बसलेल्या आईने सांगितलं. तिने मारुतीला नवस बोलला होता, की लेकरू जित्तं दिसलं तर जिथं दिसलं तिथंच रोडगे करीन. आणि गाडीतून तिला मी दिसलो तो नेमका चर खोदताना.

"माय, माझी परीक्षा आहे. तो चर माझा आहे."

"त मंग? नवसही तुझाच हाये." मग ती मास्तरांकडे वळली. "अवो मास्तर, लेकराले काही खाऊ घालता, का नुसते सलाम करून घेता?"

मी न्यायासाठी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर तुपाच्या बरणीकडे पाहत होते.

"नवसात आपण ढवळाढवळ करू नये," ते म्हणाले. याच माणसाने नियमांपायी आमचे कान पिळून लांब केले होते.

निदान जाळ तरी माझ्या काड्यांनी पेटावा म्हणून मी त्या पुढे केल्या. काकांनी एकीने कान कोरला, दुसरी कानावर खोचली, आणि चिलमीतला निखारा गोवऱ्यांत टाकून दिला.

"काड्या कायले जाळतं?"

साहेब आले तोवर गोवऱ्यांचे निखारे झाले होते आणि रोडगे राखेत खरपूस भाजत होते. साहेबांनी धूर शोधला. सापडला नाही.

"कितनी काड़ी लगी?"

"एकबी नाही, साहेब," काका म्हणाले आणि कानावरची काडी दाखवली.

साहेब चाट पडले. तेवढ्यात आईने रोडगा फोडून त्यावर तूप ओतलं, वरण आणि वांग्याची भाजी वाढली. साहेबांनी आधी टोपी काढली, मग पट्टा सैल केला.

"यह चूल्हा किसका है?"

मी पुढे होऊन कडक सलाम ठोकला. पण काका माझ्याआधी बोलले.

"पोरानं खड्डा खणला, साहेब. बाकी काही येत नाही त्याले."

आणि पितळी शिट्टी पागोटेवाल्या, पन्नाशीतल्या बालवीराच्या गळ्यात पडली! माझा एकही दोस्त माझ्या बाजूने बोलला नाही. सगळ्यांची तोंडं भरलेली होती.

पुढे वर्षभर काका शेतात बैल वळवायला ती शिट्टी फुंकत. शिबिरात मी एकच गोष्ट पक्की शिकलो होतो, की शिट्टी वाजली की असू तिथून धावत सुटायचं. बैल काही कधी वळले नाहीत. बांध ओलांडून धापा टाकत काकांसमोर सावधान उभा राहायचा, तो मी.