भिंतीतला दिवा

यवतमाळात आम्ही भाड्याने राहत होतो त्या दोन खोल्यांना विजेचा दिवा एकच होता. बिऱ्हाडामागे एकच दिवा मिळेल, असं घरमालकाने बजावलं होतं. मग बाबांनी डोकं चालवलं. मालकाच्या हातापाया पडून बैठक आणि सैपाकखोली यांच्यामधल्या भिंतीला हातभर भोक पाडून घेतलं आणि बल्ब नेमका त्यात टांगला. एका दिव्यात दोन खोल्या! आल्यागेल्याला ते भोक दाखवताना त्यांची छाती फुगायची.

बाबा कापसाच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, कारकून होते. पगार बेताचा, त्यामुळे चहाची पत्ती दोनदा उकळायची, आणि सकाळी काडी ओढावी लागू नये म्हणून निखारा राखेत झाकून ठेवायचा. याबद्दल माझी तक्रार नाही. पण हे सगळं करायची माय, आणि काटकसरी म्हणून नाव व्हायचं बाबांचं. मला ते तेव्हाही खुपायचं.

त्या वर्षी दादा मॅट्रिकला होता आणि मी सातवीला. सातवी पास झालेल्या मुलीला तेव्हा मास्तरीण होता यायचं. मला मास्तरीणच व्हायचं होतं, दुसरं काही नको होतं. दादा बैठकीत टेबलाशी बसायचा, मी चुलीपाशी पाटावर. दिवा दोघांना पुरत होता.

दिवाळी सरली आणि दादाची कुरकुर सुरू झाली. "बाबा, उजेडच पुरत नाई. अर्धा तर तिकडंच जाते."

बाबांना ते पटलं. दिवसभर कापसाचं वजन मांडणाऱ्या माणसाला उजेडाचंही वजन होतं असं वाटलं असावं. चहाच्या खोक्याची फळी आणून त्यांनी आमच्या बाजूने भोक बंद केलं.

मी म्हटलं, "बाबा, चुलीपाशी दोघं शेकत बसले तं धग अर्धी होते का? बल्ब तं तेवढाच जळते."

"तुले काय समजते त्यातलं? पोराची मॅट्रिक आहे," बाबा म्हणाले.

त्या फळीने एक पैसाही वाचला नाही. आमच्या खोलीत पडणारा उजेड फुकटचा होता, आणि तोही आम्हाला मिळू दिला नाही. आजही आठवलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

मग मी चुलीच्या उजेडात वाचू लागले. आमचं सरपण म्हणजे पऱ्हाटी, कापूस वेचून झाल्यावर उपटलेली वाळकी झाडं. पऱ्हाटी भडकन पेटते आणि तेवढ्याच लवकर विझते. एका काडीत माझी दीड ओळ व्हायची. माय भाकरी थापता थापता एकेक काडी चुलीत सारायची. भाकरी झाल्या तरी सारतच राहायची. तिला अक्षरओळख नव्हती, पण माझं बोट ओळीवर अडलं की काडी घालायची, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही.

नवी पऱ्हाटी होळीशिवाय यायची नाही, आणि आमचा ढीग संक्रांतीलाच तळाला गेला. बाबा मायवर ओरडले, "काहून वं, जळतन कुठं गेलं?"

"भाकरी कच्ची राह्यते," माय म्हणाली.

बाबांचा विश्वास बसला नाही. त्याच संध्याकाळी ते सैपाकखोलीत आले, तर चूल ढणढण पेटलेली, तव्यावर काही नाही आणि मी पुस्तक घेऊन बसलेली. "असं हाय तं! इच्या पुस्तकापायी माह्या घराची होळी होऊन राह्यली. उद्यापासून शाळा बंद."

माय बाबांसमोर सहसा बोलायची नाही. त्या दिवशी बोलली. "परीक्षेपुरती तरी जाऊ द्या तिले."

बाबांनी ताट मागितलं.

मी परीक्षेला बसले नाही. दादा त्या वर्षी नापास झाला, पुढच्या वर्षीही झाला. उजेड कमी पडला असं तेव्हा कुणी म्हटलं नाही.

पुढे लग्न होऊन मी राळेगावला गेले. एकदा दिवाळीला माहेरी आले, तोवर दादा नागपूरला नोकरीला लागला होता. दिवेलागण झालेली. बैठकीत बाबा बल्बखाली पेपर तोंडावर घेऊन घोरत होते. सैपाकखोलीत माय अंधारात चाचपडत पीठ मळत होती. माझं डोकंच फिरलं. मी ती फळी ओढून काढली.

उजेड थेट मायच्या तोंडावर पडला. धुराने लाल झालेले तिचे डोळे मला पहिल्यांदा नीट दिसले. आता ही हसेल, असं मला वाटलं. तिने पिठाचे हात लुगड्याला पुसले, माझ्या हातातली फळी घेतली आणि पुन्हा भोकात घट्ट बसवली.

"राहू दे वं बाई," ती म्हणाली. "त्यायले उजेड कमी पडन."