बायजाला वेडावल्याशिवाय बार नाही

बायजाला हळू बोलता येत नसे. तिनं झोपडीत बसून नवऱ्याकडे मीठ मागितलं, तर ओळीतल्या झोपड्यांतून चार जणी मिठाची वाटी घेऊन बाहेर. नवरा दगडू म्हणायचा, "अगं, मी हितंच हाय. टिटवाळ्याच्या गणपतीला कशाला उठवतीस?"

हा आवाज तिला नगरकडच्या रानानं दिला होता. लहानपणी ती माळ्यावर उभी राहून ज्वारीवरची पाखरं हाकलायची. तिच्या 'हाऽऽ हाऽऽ'नं पाखरं तर उडायचीच, शेजारच्या वावरातले बैलही थबकायचे. दुसरी मोठी लढाई संपली, कल्याणकडं दगडाला मागणी आलीय असं कानावर आलं, आणि दगडू बायकोला घेऊन शहाड-टिटवाळ्याच्या मधल्या एका काळ्या डोंगराच्या खाणीत आला. दगडू नावाच्या माणसाला काम मिळालं तेही दगडाचं, यावर शेजारच्या शेवंतीनं इतके टोमणे मारले की शेवटी तो म्हणाला, "तू शेवंती न्हवं? मग देवळात जाऊन बस की, हितं काय करतीस?"

खाणीत तेव्हा सगळं हाताचंच काम. पहारीनं खडकात भोक पाडायचं, दारू ठासायची, वात लावायची आणि पळायचं. धडाड् करून बार उडाला की बाया-बाप्यांनी हातोड्या घेऊन फुटल्या दगडाची खडी करत बसायचं. खडीला दिवस चांगले होते. कल्याणपलीकडे निर्वासितांच्या बराकींचं बघता बघता शहर होत होतं, ठाण्याच्या बाजूला कारखान्यांचे पाये भरले जात होते, रस्ते रुंदावत होते. एक ट्रक भरला की दुसरा उभाच. "डोंगर पुरंल का हो यांना?" बायजानं एकदा विचारलं. दगडू म्हणाला, "डोंगर पुरंल. आपली कंबर पुरती का बघ."

कंबर पुरली, मनगट पुरलं नाही. एक धोंडा निसटून बायजाच्या उजव्या हातावर आला आणि हाड जुळलं ते वाकडंच. हातोडी धरली की बोटं आपोआप उघडायची. खाणीचा नियम असा की झोपडी मिळते ती दोघंही कामावर असलेल्या जोडीला. एकट्या गड्यानं बराकीत इतरांच्या शेजारी पथारी टाकायची. म्हणजे बायजाची रवानगी गावाकडे, दिराच्या दारात. बायजा म्हणाली, "म्या जात न्हाई." का जात नाही, कशी जात नाही, याचा विचार तिनं केलेला नव्हता. नाही म्हणजे नाही.

त्याच दिवशी हंड्यावरून तिचं शेवंतीशी कडाक्याचं भांडण झालं, आणि ते भांडण डोंगराच्या पलीकडच्या अंगाला उभ्या असलेल्या हरिहररावांनी शब्दन्‌शब्द ऐकलं. हरिहरराव म्हणजे खाणीचे मॅनेजर. ठाण्याहून गाडीनं शहाडला यायचे, तिथून सायकलीनं खाणीवर. डोक्यावर सोलाहॅट, आणि प्रत्येक बोलणं 'तात्पर्य' या शब्दावर आणून टेकवायची सवय.

"बाई," ते म्हणाले, "आपला आवाज सार्वजनिक उपयोगाचा आहे. आपण भांडणात तो व्यर्थ दवडता. तात्पर्य, उद्यापासून सुरुंगापूर्वीचा इशारा आपण द्यावा."

बायजानं दगडूकडं पाहिलं. "काय म्हनत्यात?"

"वरड म्हनत्यात."

"यवढंच?"

दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणाच्या थोडं आधी, बायजा खाणीच्या काठावर उभी राहिली आणि तिनं तोंडाशी हात धरले. "बाऽऽर हाय, बाऽऽर! लांब व्हाऽऽ!" असा काही आवाज गेला की खालच्या भातखाचरांतले बगळे उठले. झोपडी राहिली. बायजाही राहिली.

पण त्याबरोबर एक पीडाही मागं लागली. तिची आरोळी संपते न संपते तोच चहूकडून लोक तिला वेडावायचे. झोपड्यांकडून शेवंती नाकात सूर काढून, "बाँऽऽर हाँय, बाँऽऽर!" रस्त्यावर उभे असलेले ट्रकवाले, "बार है रे बार! भागो, बाई आयी!" आणि पायथ्याच्या खाचरांतून तिथला भाऊ नावाचा आगरी म्हातारा, म्हशींच्या घोळक्यातून, शेळीसारखा थरथरता सूर लावून, "बाऽऽर हाय गोऽऽ बाऽऽर! लांब व्हा गोऽऽ, बाईचा घसा फुटलाऽऽ!"

बायजाचा संताप व्हायचा. एकेकाला ती काठावरूनच हाणायची. "ए शेवंते, नाकात माशी गेली का गं? ए डायवर, तुझ्या गाडीचा भोंगा मेलाय, आदी त्याला रड! ए भाऊ, म्हशी तुझ्यापरीस बऱ्या वरडत्यात!" सगळ्यांना देऊन झालं की मग ती खाली दगडूला हात करायची. दगडू विचारायचा, "झाली का वेडावनी?" ती म्हणायची, "झाली मेल्यांची. लाव वात." असं रोज चाललं. वर्षं गेली. कुणाला ओरखडासुद्धा आला नाही, आणि का आला नाही हे कुणी विचारलं नाही, बायजानंही नाही.

मग ठाण्याहून खाणमालक शेठनी निरोप धाडला की क्रशर येतोय. खडी फोडायचं यंत्र. वरून धोंडे टाका, खालून खडी घ्या. मोठ्या रस्त्याचं कंत्राट मिळालं होतं आणि हातांनी फोडलेली खडी त्याला पुरणार नव्हती. यंत्राच्या आधी आला तो भोंगा. लढाईतला, विमानं आली की वाजायचा तसला, मुंबईत लिलावात घेतलेला, हातानं दांडा फिरवायचा.

हरिहररावांनी सगळ्यांना गोळा केलं. "यंत्र सुरू झाल्यावर त्याच्या घरघराटात कोणताही मनुष्यस्वर ऐकू येणार नाही. शिवाय साहेबलोक पाहणीस येतील. खाणीवर एक बाई ओरडते आहे, हे बरे दिसत नाही. तात्पर्य, इशारा यापुढे भोंगा देईल."

"आन्‌ मी?" बायजानं विचारलं.

हरिहररावांनी हॅट काढून तिच्या आतल्या बाजूकडं पाहिलं. "आपण खडी फोडून पाहा. न जमल्यास… आपले गाव कोणते म्हणालात?"

"गाव इसरले म्या," बायजा म्हणाली आणि खडीच्या ढिगावर जाऊन डाव्या हातात हातोडी घेऊन बसली.

डाव्या हातानं दगड फुटेना. फुटला तर भलतीकडं उडे. शेवंती शेजारी होती. ती टोमणा मारता मारता थांबली आणि आपल्या ढिगातली पाटीभर खडी गुपचूप बायजाच्या ढिगात ओतू लागली. बायजानं ती परत लोटली. "माझी म्या करीन." "कर की बया, वरडू नको." "म्या वरडत न्हाई, म्या बोलतीय!"

हरिहरराव दांडा फिरवायचे आणि भोंगा खालपासून वर चढत जायचा. आवाज चांगला होता. तीच त्याची खोड. शहाडकडच्या नव्या कारखान्याचा भोंगा अगदी असाच, आणि दुपारी जवळजवळ याच वेळेला. आसपासच्या वस्त्यांनी आपला सगळा दिवस त्या भोंग्याला टांगून ठेवलेला. भोंगा झाला की बायका गड्यांच्या भाकरी घेऊन खाणीच्या वाटेनं निघायच्या, भाऊ म्हशींना पाण्यावर न्यायचा. त्या खोऱ्यात भोंगा म्हणजे 'या, जेवा'. बायजाची आरोळी म्हणजे 'पळा'. आता 'पळा' म्हणायलाही भोंगाच.

पहिल्या दिवशी भाकऱ्या घेतलेल्या दोघी जणी खाणीच्या तोंडापर्यंत आल्या. दगडूनं शिव्या देऊन परतवल्या. दुसऱ्या दिवशी उडालेला दगड शेवंतीच्या हंड्यात पडला. हरिहरराव म्हणाले, "लोकांस सवय नाही. होईल. तात्पर्य, धीर धरावा."

तिसऱ्या दिवशीही भोंगा झाला. तो संपला तसं बायजाला कानात काहीतरी राहून गेल्यासारखं झालं. हातोडी थांबली. शेवंती मुकाट्यानं खडी फोडत होती. ट्रकवाले विड्या ओढत होते. खाचरांकडून काही नाही.

"शेवंते, आज कुनी वेडावलं न्हाई."

"भोंग्याला काय वेडावायचं? त्याला तोंड हाय का?"

बायजा उठली आणि थेट खाणीत उतरली. दगडू खालच्या कड्यावर वातेपाशी उकिडवा बसला होता, हातात पेटती काडी. बायजा त्याच्यासमोर दारू ठासलेल्या भोकावर जाऊन उभी राहिली. दोन्ही पाय रोवून.

काडी बोटापर्यंत जळत आली तसा दगडू ओरडला. "आगं ए! दारू हाय तिथं!"

"ठावं हाय. इझव काडी." तिनं तोंडाशी हात धरले. "बाऽऽर हाय, बाऽऽर! लांब व्हाऽऽ!"

खोरं आनंदानं फुटलं. शेवंतीनं नाकातून "बाँऽऽर" काढला. ट्रकवाले ओरडले, "आयी, बाई वापस आयी!" पायवाटेवर भाकऱ्या घेऊन चढत असलेल्या बायका आरोळी ऐकताच जागच्या जागी वळल्या आणि तिला वेडावतच खाली पळत सुटल्या. बायजानं कुणाला शिवी दिली नाही. कोण कुठून वेडावतंय ते ती ऐकत राहिली.

"झाली का वेडावनी?" दगडूनं सवयीनं विचारलं.

"न्हाई. भाऊचं आलं न्हाई."

"झोपला आसंल."

"मग उठू दे. तवर म्या हलत न्हाई."

हरिहरराव धावत आले, भोंग्याचा दांडा हातातच. "बाई, हा काय प्रकार आहे? खाली उतरा! कामाचा खोळंबा होतो आहे!"

"भाऊनं वेडावल्याबिगर बार व्हायचा न्हाई."

"वेडावल्याबिगर? अहो, हा सुरुंग आहे, पोरखेळ नव्हे! तात्पर्य, मी आपणास आत्ता, या क्षणी, कामावरून…"

"काडा," बायजा म्हणाली. "पन आदी भाऊ." आणि पुन्हा तोंडाशी हात धरून तिनं नुसतं नावच घातलं. "भाऽऽऊ! वेडाव कीऽऽ!"

उत्तर आलं, पण खाचरांकडून नाही. ती उभी होती त्याच कड्याच्या खालून आलं, पायाखालून आल्यासारखं. "बाऽऽर हाय गोऽऽ बाऽऽर…" आणि पाठोपाठ म्हशीचा हंबर.

जुन्या खणलेल्या खड्ड्यात पाणी साचायचं. भाऊ म्हशी घेऊन तिथं उतरला होता. गळ्यापर्यंत पाण्यात बसलेल्या म्हशी, काठावर भाऊ, आणि बार उडाला असता तर अर्धा कडा त्यांच्याच डोक्यावर. तो म्हशी हाकत वर आला तो तक्रार करतच. "भोंगा झाला, मी बोल्लू पान्याचा टाइम झाला. कारखान्याचा घड्याल आज पुढं धावतंय. मना कं म्हाईत, तुमचा पन भोंगा हाय तो? आनि बाई, तू तीन दिस कं मेली होतीस?"

"तूच मेला आसतास आत्ता!" बायजा कडाडली, आणि मगच भोकावरून उतरली.

हरिहरराव एका धोंड्यावर बसले. म्हशींकडं बघत म्हणाले, "तात्पर्य…" आणि हातातला दांडा खाली ठेवला.

त्या दिवशीचा बार उशिरा झाला, बायजाच्या आरोळीनं. नंतर हरिहररावांनी तिला कचेरीच्या पडवीत बोलावलं. "खरे तेच सांगतो," ते म्हणाले. "यंत्र येणारच. हातांची खडी बंद होणार. हा डोंगरही काही वर्षांत सपाट होईल, मग शेठ दुसरा घेतील. यंत्राच्या आवाजात आपण किती दिवस ओरडणार?"

"यंत्राला बंद करायची कळ आसंल न्हवं?"

"आहे."

"मग बाराच्या येळेला कळ दाबायची. म्या वरडीन, सगळी वेडावतील, मग बार, मग पुन्यांदा कळ. डोंगर सपला तर दुसऱ्या डोंगरावर यीन. तिथल्यास्नी वेडावायला शिकवायला लागंल, तेवढंच." तिनं पदर खोचला. "आन्‌ भोंगा ठिवा तुमी. बार झाल्यावर वाजवा. भोंगा म्हंजी 'या' आसतंय हितं."

हरिहररावांनी हॅट डोक्यावर ठेवली. "शेठना मी काय सांगू?"

"सांगा, बाई हलत न्हाई."

दुसऱ्या दिवशी बायजा काठावर उभी राहिली. आरोळी गेली. शेवंती झाली, ट्रकवाले झाले, भाऊ तर दोनदा झाला. खाली दगडूनं काडी तयार ठेवली. बायजाचा हात काही हलेना.

"आता कोन ऱ्हायलं?" दगडूनं विचारलं.

बायजानं कचेरीकडं बोट केलं. "तितलं कुनी वेडावलं न्हाई. आत मानूस हाय का म्हस, मला कसं कळावं?"

सगळी खाण कचेरीकडं बघू लागली. हरिहरराव पडवीत आले. त्यांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "बार आहे. कृपया दूर व्हावे."

"ऐकाय आलं न्हाईऽऽ!"

त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. हॅट काढून खुर्चीवर ठेवली. मग दोन्ही हात तोंडाशी धरले, आणि ठाण्याच्या त्या शुद्ध, इस्त्रीच्या गळ्यातून आवाज निघाला, "बाऽऽर हाऽऽय, बाऽऽर! लांब व्हाऽऽ!"

खाचरांतून भाऊ ओरडला, "यो कोन गो नवा रेडा?"

बायजानं खाली हात केला. "झाली समद्यांची. लाव वात."