साडूंचा तांदुळजा

आमच्या साडूंच्या पोटाचे जेवढे लाड होतात, तेवढे अख्ख्या पुंडलिकनगरात कुणा माणसाचेही होत नसतील. मेथीनं त्यांना गॅस होतो, अंबाडी तर जन्माची वैरीण. चालतो फक्त तांदुळजा, तोही नुसती पानं, मऊ शिजवलेली. लग्नाच्या पंगतीतही ते स्वतःचा डबा उघडतात, भाजी बोटानं चाचपतात आणि शेजारच्याला बजावतात, "देठ म्हणजे दगाबाज. घशातून गोड बोलून उतरतो अन् आतड्यात दगा देतो."

मला या माणसाचा भयंकर हेवा वाटायचा. पोटाचा नव्हे, त्या पोटासाठी राबणाऱ्या हातांचा. पाचोडचा आठवडी बाजार झाला की दुसऱ्या दिवशी सासूबाई आमच्याकडे उतरायच्या आणि दुपारभर साडूंसाठी तांदुळजा निवडत बसायच्या. माझ्याच घरात, माझ्याच पंख्याखाली! ती भाजी ओल्या फडक्यात बांधून पलीकडच्या गल्लीत पोचवायचीही मीच. मला आपला ठेचा-भाकरी. वर कौतुक, "तुमाला काय जावईबापू, दगडबी पचंल!" माझी आई मी लहान असतानाच गेली; माझ्यासाठी कुणी असं पान न् पान निवडल्याचं मला आठवत नाही.

शेवटी एकदा मीही पोट धरून बसलो. "अगं बया, आधी का नाय सांगितलं?" म्हणत सासूबाईंनी माझ्यासाठी वेगळी जुडी घेतली. संध्याकाळी ताटात तांदुळजा आला आणि पहिल्याच घासाला दाताखाली करंगळीएवढा देठ! साडूंच्या भाजीत देठ निघाल्याचं कधी ऐकलं नव्हतं. म्हणजे निवडण्यातही दुजाभाव. एका हातात तो देठ, दुसऱ्या हातात त्यांचं फडकं घेऊन मी तणतणत साडूंकडे गेलो.

साडूंनी फडकं सोडलं, चष्मा चढवला आणि निवडलेली भाजी पुन्हा निवडायला घेतली. बाजूला देठांचा ढीग वाढू लागला.

"हे कधीपासून?" मी विचारलं.

"वर्ष झालं. आईंना दिसंना झालंय. पण तिकडं बोलू नका हं. कळलं तर लई मनाला लावून घेतील, निवडायचंच सोडतील."

मी देठ मुठीत लपवला. घरी आलो तर सासूबाई दारातच उभ्या.

"भाजी कवळी व्हती न्हवं, बापू?"

"लई कवळी, आई. देठ नावाला नाय."

आता दर आठवड्याला मी देठांसकट तांदुळजा खातो. पुन्हा निवडून घ्यावा असं मनाला वाटत नाही. साडूंचा हेवा मात्र अजून वाटतो. सासूबाई माझ्याच पंख्याखाली बसायच्या आणि मला वर्षभर काही दिसलं नाही.