रुमालाखालचा हात

जिजी गेली ही बातमी तारेने आली. अमळनेरला आमच्या बिऱ्हाडाच्या दाराशी सायकल टेकवून तारवाला उभा राहिला. ह्यांनी सही करून कागद उघडला आणि वाचून तसाच माझ्या हातात दिला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते नंतर. आधी मनात आलं, हे खरं कशावरून? कोणी पाहिलं, कोणी सांगितलं, आणि तार करायला नंदुरबारला कोण गेलं? खाली नाव होतं आमचे कापसाचे अडते युसूफभाई यांचं. मग तर मी कागद उलटून मागची बाजूही पाहिली. मागे काय असणार... पण जिजीजवळ वीस वर्षं राहिलेल्या बाईने तार उलटून पाहिली नाही, तर पाहायची कोणी?

जिजी म्हणजे माझी मोठी जाऊ, भागाबाई. गावाला ती सगळ्यांचीच जिजी. आमचं गाव तापीकाठी, नंदुरबारहून बैलगाडीने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. थोरले भाऊजी अकाली गेले. हे कचेरीत कारकून, त्यामुळे कधी या गावी तर कधी त्या, आणि मी बहुतेक जिजीजवळच. शेती राहिली जिजीच्या अंगावर. तिने ती नीट केली. कोणत्या रानात कपाशी टाकायची, कोणत्यात ज्वारी, कोणाला कामावर घ्यायचं, हे सगळं तिचं ती ठरवी. अडायचं फक्त एका जागी. कापूस विकताना.

तेव्हा नंदुरबारच्या बाजारात कापसाचा भाव कोणी तोंडाने बोलत नसे. गाडी उभी राहिली की शेतकऱ्याच्या बाजूने अडत्या पुढे व्हायचा. समोरून सरकी काढणाऱ्या जिनासाठी खरेदी करणारा मुनीम यायचा. दोघे हातात हात घेत, वर रुमाल टाकत आणि रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवत. शेजारच्या गाडीवाल्याला काही कळत नसे. ज्याचा कापूस, त्याने नुसतं दोघांच्या तोंडाकडे बघत बसायचं. पुरुष माणसाला निदान आपला हात घालता तरी आला असता. विधवा बाईने परक्याच्या हातात हात कसा द्यायचा?

म्हणून जिजीने भाऊजींच्या जुन्या ओळखीचे अडते युसूफभाई यांना ओट्यावर बसवून त्यांच्या मनगटाला दोरा बांधला. तिच्या माहेरची माणसं तापाच्या साथीत गेली होती, भाऊ असा कोणी उरला नव्हता. मी दारामागून ऐकत होते. "युसूफभो," जिजी म्हणाली, "आजपासून तुमना हात तो मन्हा हात. पन एक ध्यानमा ठेवा. मन्हा हात कोन्हा खिसामा जात नही." युसूफभाई हसले. "जिजी, दोरा बांधस का बेडी घालस?" त्यानंतर दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ते आंब्यांची पाटी घेऊन येत. जिजी एकेक आंबा दाबून बघायची आणि म्हणायची, "वरला चांगला रचेल शेतस. खाल काय शे?" युसूफभाई पाटी ओट्यावर उलटी करून दाखवत. असं बरीच वर्षं चाललं आणि मला वाटतं, दोघांनाही ते आवडत असे.

मग ते वाईट वर्ष आलं. कापूस वेचून घरात आला, माजघराच्या पलीकडची खोली आढ्यापर्यंत भरली आणि भाव कोसळला. युसूफभाई सांगायला आले. ओट्यावर बसले, पण पाणी प्यायले नाहीत. म्हणाले, मुंबईची तार आली आहे, जपानने आपला कापूस घेणं बंद केलं. आपल्याकडचा कापूस धाग्याला आखूड, विलायतेच्या गिरण्यांना तो फारसा नको असतो. जपान घेई, म्हणून चालत होतं. आता सरकारने जपानी कापडावर जकात वाढवली, त्याचा राग जपानने कापसावर काढला.

जिजीने सगळं ऐकलं. "जपानले मन्हा कापूसना राग उना?"

"तुन्हा नही वं जिजी. सगळा हिंदुस्थानना."

"भांडन कापडनं. त्यामा कापूस कसाले?"

"मोठा लोकेसनं भांडन शे."

"मंग मोठा लोकेसनं नुकसान होऊ द्या. आनि हाऊ जपान, तुमी देखा का कधी?"

"मी कोठे देखसू? तार येस."

"तारबी तुमीच वाचतस," जिजी म्हणाली.

युसूफभाईंच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. ते उठून गेले. मी चौथीपर्यंत शिकलेली, म्हणून जिजीने मास्तरांकडून वर्तमानपत्र मागवलं आणि मला चुलीजवळ बसवून वाचायला लावलं. बातमी होती, अगदी युसूफभाईंनी सांगितली तशीच. मी दोनदा वाचली. जिजी म्हणाली, "कागदबी त्यासनाच." कोणाचा, हे तिने सांगितलं नाही. पण तिचं एक बोलणं मला तेव्हाही खोडता आलं नाही आणि आजही येत नाही. त्याच आठवड्यात बोहरी फेरीवाल्याने लुगड्यांचा भाव वाढवून सांगितला होता, जकातीचंच कारण देऊन. जिजी म्हणाली, "कापूस पडना नि लुगडं चढनं. लुगडं कसानं व्हस? कापूसनंच ना? मंग मधला पैसा कोठे गया? कोठे तरी चोर शे, शेवंता." रजेवर आलेल्या ह्यांना विचारलं तर हे म्हणाले, ते अर्थशास्त्र आहे, तुम्हाला नाही कळायचं. जिजीने विचारलं, "तुले समजनं का?" हे पान खायला बाहेर गेले.

चोर शोधायचा तर जवळचाच सापडतो. जपान दूर, मुंबई दूर, सरकार त्याहून दूर. हात मात्र युसूफभाईंचा. जिजीने गाडी जुंपायला सांगितली, स्वतः वर बसली आणि मला सोबत घेतलं. बाजारात मी पदर पुढे ओढून चाकाआड बसले होते, त्यामुळे मला पायच जास्त दिसले. युसूफभाईंचे जोडे पुढे झाले. समोरून मुनिमाचे पंप शू आले. तेवढ्यात जिजी गाडीवरून उतरली. तिने युसूफभाईंच्या खांद्यावरचा रुमाल ओढून घेतला, आपल्या हातावर टाकला आणि तो हात मुनिमापुढे धरला.

"घ्या. माले सांगा."

मुनीम तापल्या तव्याला हात लागावा तसा मागे सरला. शेजारच्या गाडीवरून कोणी ओरडलं, "अरे, लगीन लागी ऱ्हायनं का काय आठे?" माणसं खदखदून हसली. जिजी वळली नाही. "लगीन नही रे भाऊ, भाव. पन दोन्हीमा बाईनाच हात रुमालखाल जास." हसणं थांबलं. "हात नको देवाले, तर तोंडघाई सांगा. सगळासले ऐकू येई इतलं."

इतके लोक भोवती जमल्यावर मुनिमाला गप्प राहता येईना. त्याने भाव मोठ्याने सांगितला. त्या बाजारात मी कधी ऐकलेला तो पहिला भाव. मागच्या मुनिमानेही मान हलवून तोच म्हटला, त्याच्या मागच्यानेही तोच. युसूफभाईंनी त्या दिवशी ओट्यावर बसून जो मिळेल म्हणून सांगितलं होतं, त्याहून तो थोडा कमीच होता.

युसूफभाई हळूच म्हणाले, "रुमालखाल मी थोडा जास्ती काढी लेतू, जिजी. मोठ्याथीन कोणी देत नही... एकले दिधा की सगळासले देना पडस." जिजीने रुमाल त्यांच्या हातात दिला, घडी घालून. गाडी माघारी वळवली. नदीजवळ आल्यावर एवढंच म्हणाली, "मोठ्याथीन बोलनात म्हनीसन कमी बोलनात. चोर कोन शे ते तरीबी समजनं नही."

कापूस पुढे गावातच एका फिरत्या व्यापाऱ्याला पडत्या भावाने द्यावा लागला. पण खरं नुकसान वेगळंच झालं. भरबाजारात बहिणीने ज्याच्या खांद्यावरून रुमाल ओढला, त्याच्या हातावर दुसऱ्यांनी का विसंबावं? आमच्या गावच्या कितीतरी गाड्या पुढच्या हंगामात दुसऱ्या अडत्यांकडे गेल्या. युसूफभाईंनी आखाजीला येणं सोडलं. आखाजीला लेकीबाळी माहेरी येत, झोके बांधले जात, गाणी होत. जिजी ओट्यावर बसून वाटेकडे बघे. मी विचारलं तर म्हणायची, "कुत्रं हाकलाले बसेल शे."

वर्षं गेली. मग लढाई आली. कोतवालाने दवंडी पिटली की जपानने लढाई पुकारली आहे, अफवा पसरवू नका. मी तेव्हा गावीच होते. जिजी कापूस निवडत होती. तिने हातातलं बोंड खाली ठेवलं.

"शेवंता... म्हंजे हाऊ जपान खरंच शे?"

"आहे जिजी."

"आनि तव्हयबी व्हता?"

मी मान हलवली. तिने मांडीवरचा कापूस झटकला. मग उठली आणि गाडीवानाला म्हणाली, यंदाचा कापूस युसूफभाईंच्या दारात नेऊन उभा कर. "काही बोलू नको. इतलंच सांग, हात तुमना." गाडी गेली तरी ती दारातच उभी होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "उद्या कोन्ले तरी धाडी दे बाजारमा. भाव काय व्हता ते दुसराकडथीन समजी ले. त्याले मालूम पडू दिऊ नको." भाव त्यांनी कळवला तोच होता. जिजी "हं" म्हणाली. त्या आखाजीला पाटी आली. तिने ती स्वतःच्या हाताने उलटी केली.

तार मिळाली तसे निघून आम्ही गावी पोचलो तेव्हा जिजीला अंघोळ घालून ठेवलं होतं आणि बायका थांबल्या होत्या. बाईच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं लागतं. जिजीला माहेर कोठे होतं? अंगणाच्या कडेला युसूफभाई उभे होते, काखेत पुडकं. कोणी त्यांना पुढे या म्हणत नव्हतं आणि ते मागेही जात नव्हते. एक म्हातारी कुजबुजली, "त्यासनं कसं चाली?" जन्मात मी चारचौघांत बोलले नाही. तेव्हाही बोलले नाही. नुसती जाऊन त्यांच्यापुढे पदर पसरला. त्यांनी पुडकं त्यात ठेवलं. डाळिंबी रंगाचं लुगडं होतं. तेच जिजीला नेसवलं.

दिवस झाल्यावर युसूफभाई पुन्हा आले. आम्ही कापसाच्या खोलीच्या उंबऱ्याशी बसलो होतो. खोली भरलेली, आढ्याला कापसाचे पुंजके चिकटलेले, आणि जिजी जिथे पाठ टेकून बसायची तिथे ढिगाला अजून खळगा पडलेला. हे म्हणाले, लवकर विकून टाकू, मला रजा नाही. युसूफभाई म्हणाले, थोडं थांबा, भाव चढणार आहे. आणि मला न विचारता माझ्या तोंडून आलं, "तुम्हाला कोणी सांगितलं?"

हे माझ्याकडे बघतच राहिले. युसूफभाईंनी आधी त्या खळग्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग मांडी नीट घातली आणि पहिल्यापासून सांगू लागले. मुंबईत काय चाललं आहे, लष्कराला कापड किती लागतं, बोटी कुठे अडल्या आहेत, सरकार काय करील आणि काय करणार नाही. जिजीला सांगत तसंच, काही न गाळता, मध्ये मध्ये थांबून, मी काही विचारते का ते बघत. मीही विचारलं. चहा गार झाला.

सगळं ऐकून घेतलं. निम्मं पटलं. कापूस अजून खोलीतच आहे.